कधीमधी वाजणाऱ्या फोनचे रिचार्ज

तुमच्या घरात एक तरी फोन असा असेल की जो दिवसचे दिवस वाजत नाही. देवघराच्या कोनाड्यात, नाहीतर फ्रीजच्या डोक्यावर विणलेल्या रुमालावर तो पडून असतो. सासूबाईंचा असेल, आईचा असेल, गावाकडे एकट्या राहणाऱ्या काकूंचा असेल. कुणी सांगावे, तुमचा स्वतःचाही असेल! घरात वायफाय आहे, यजमानांचा फोन आहे, मुलांचा आहे. मग आपल्याला कितीसे बोलायचे असते? म्हणून त्याच्या रिचार्जकडे कुणी फारसे बघत नाही. दुकानदार सांगेल तो, किंवा मुलगा चालता चालता मारेल तो. मीही बघत नव्हते. त्यापायी आमच्या घरात काय झाले ते आधी सांगते, मग हिशेबाकडे वळू.

आम्ही बुधवार पेठेत, जोगेश्वरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर जुन्या वाड्यात राहतो. माझ्या सासूबाईंकडे बटणांचा साधा फोन. त्यातले कार्ड माझे सासरे घेऊन आले होते २००६ साली, म्हणजे माझ्या लग्नाच्याही आधी. तुम्हाला आठवत असेल, त्या सुमाराला ९९९ रुपयांत ‘लाइफटाइम’ची जाहिरात सगळ्याच कंपन्या करत होत्या. एकदा पैसे भरा आणि आयुष्यभर फोन घेत राहा! सासऱ्यांनी ते घेतले आणि घरी येऊन म्हणाले, “कार्ड माझ्या नावावर, आयुष्य हिच्या नावावर.” हे वाक्य आई अजून सांगतात. सासरे २०१९ साली गेले. कार्ड आईंकडे राहिले, त्यांच्या सातारच्या बहिणीशी, मावशींशी बोलायला. दर गुरुवारी संध्याकाळी दहा मिनिटे आणि रविवारी दहा मिनिटे. बाकी कधी गॅसचा नंबर लावायला, कधी पेन्शन जमा झाल्याचा बँकेचा मेसेज माझ्याकडून वाचून घ्यायला.

आता ते ‘लाइफटाइम’ कधीच संपले होते, हे आमच्या लक्षातही आले नव्हते. २०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी नवा रिवाज आणला. अठ्ठावीस दिवसांनी निदान ३५ रुपयांचे रिचार्ज केले तरच फोन चालू, नाहीतर आधी जाणारे फोन बंद आणि थोड्या दिवसांनी येणारेही बंद. त्या ३५ चे पुढे ४९ झाले, ७९ झाले, ९९ झाले, आणि जुलै २०२४ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन-आयडियाचे अठ्ठावीस दिवसांचे सगळ्यात लहान रिचार्ज १९९ वर, तर जिओचे १८९ वर गेले. आईंच्या फोनचे रिचार्ज हे मारतात असे मी समजत होते. हे समजत होते की मी मारते. संसारात अशा कितीतरी गोष्टी दोघांच्या मधल्या फटीत पडतात!

मे २०२४ मध्ये वन्संचे बाळंतपण आले आणि आई सांगलीला गेल्या. फोन कपाटात साड्यांच्या खाली बंद करून ठेवून गेल्या. “तिथे सगळ्यांकडे फोन आहेत, हा कशाला हरवायला नेऊ?” त्या आल्या त्या घटस्थापनेला, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. फोन चार्जिंगला लावला, तर वर रेंजच्या काड्याच नाहीत. ह्यांनी दोनशे रुपयांचे रिचार्ज मारून बघितले, ते परत आले. नंबर गेला होता.

कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीने कळफलकावर काही बडवले आणि विचारले, “नंबर कुणाच्या नावावर आहे?” आम्ही सासऱ्यांचे नाव सांगितले. “ते येऊ शकतील का?” आई शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मुलीची चूक नव्हती, तिला काय ठाऊक! पण बाहेर आल्यावर आई एवढेच म्हणाल्या, “अठरा वर्षं माझ्या हातात होता गं तो नंबर.”

नंबर गेला म्हणजे काय काय गेले याची यादी आम्हाला पुढच्या महिनाभरात एकेक करून कळत गेली. गॅसचा माणूस दारात सिलिंडर घेऊन उभा, तो कोड मागतो आणि कोड गेलेला असतो जुन्या नंबरावर. बँकेत खात्याचा नंबर बदलायचा तर अर्ज, फोटो, सही. सही जुळेना, कारण आईंचा हात आता थरथरतो. आधारला नवा नंबर जोडायला केंद्रात गेलो, त्या वेळी ५० रुपये पडले. पैशांचे काही नाही, पण आयुष्यभर भांडी घासून झिजलेली बोटे ते यंत्र ओळखेना. तीन वेळा पुसून, एकदा कोमट पाण्यात हात बुडवून आणून, शेवटी डाव्या अंगठ्यावर काम झाले. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पुढच्या वर्षी उन्हाळ्यात सातारच्या मावशींनी सवयीने जुना नंबर लावला. उचलला एका तरुण मुलाने. “राँग नंबर आहे आजी,” तो बिचारा चांगला बोलला, पण मावशींनी फोन ठेवला आणि भलताच अर्थ घेतला. रात्री दहाला त्यांच्या सुनेचा माझ्या फोनवर फोन, घाबऱ्याघुबऱ्या आवाजात, “आत्या बऱ्या आहेत ना?”

तेव्हापासून मी या विषयात लक्ष घातले. आणि एक गोष्ट मला कळली ती तुम्हाला अगदी सुरुवातीलाच सांगून टाकते: ज्याला थोडे बोलायचे असते तो माणूस मिनिटे विकत घेत नसतो, नेट तर नाहीच नाही. तो विकत घेत असतो दिवस. आपला नंबर आपल्याकडे राहण्याचे दिवस. एवढे मनात पक्के धरले की दुकानातल्या रंगीत तक्त्यासमोर आपण गोंधळत नाही.

बॅलन्स वेगळा, मुदत वेगळी

पुष्कळ बायकांचा घोटाळा इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. फोनमध्ये दोन गोष्टी असतात. एक बॅलन्स, म्हणजे पैसे. आणि दुसरी मुदत, जिला दुकानदार ‘व्हॅलिडिटी’ म्हणतो. बसचे उदाहरण घ्या. पाकिटात सुटे पैसे आहेत, पण पासाची तारीख उलटून गेली आहे. तिकीट काढून तरी जाता येते म्हणाल. इथे तेही नाही! पास संपला की कंडक्टर सुट्या पैशांनाही बसमध्ये घेत नाही. दहा रुपयांचा टॉपअप मारलात तर सात रुपये सत्तेचाळीस पैसे बॅलन्समध्ये पडतात, पण त्याने मुदत एक दिवसानेही वाढत नाही. “काल तर दहाचं मारलं होतं, आज का लागत नाही?” हा प्रश्न आमच्या वाड्यात मी किती जणींकडून ऐकला आहे!

तरी त्या बॅलन्सचा एक उपयोग आहे, आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, यांचा २०१३ चा नियम असा आहे की नव्वद दिवस काहीच वापर झाला नाही, म्हणजे फोन आला-गेला नाही, मेसेज पाठवला नाही, नेट वापरले नाही, तरच प्रीपेड नंबर बंद करता येतो. आणि त्या वेळी बॅलन्समध्ये वीस किंवा जास्त रुपये असले तर वीस रुपये कापून नंबर आणखी तीस दिवस राखला पाहिजे. पुन्हा वीस असले तर पुन्हा तीस दिवस. संपले तरी पंधरा दिवसांची सवलत असते. आईंच्या बॅलन्समध्ये होते सात रुपये. शंभर रुपये पडून असते तर आमचा नंबर दसऱ्यापर्यंत आरामात टिकला असता. बंद झालेला नंबर आणखी नव्वद दिवस कुणाला देत नाहीत. त्यानंतर तो साताऱ्याचा फोन उचलणाऱ्या मुलासारख्या कुणाकडे तरी जातो.

म्हणून माझा पहिला सल्ला: रिचार्ज कुठलेही असो, बॅलन्समध्ये पन्नास-शंभर रुपये कायमचे टाकून ठेवा. लोणच्याच्या बरणीत तेलाचा थर असतो ना, तसे. मात्र स्मार्टफोन असेल तर ‘मोबाइल डेटा’ बंद ठेवा, नाहीतर नेटचा प्लॅन नसताना चुकून ते सुरू झाले की हा थर बघता बघता उतरतो.

तापकीर गल्लीतला हिशेब

नवे कार्ड घ्यायला मी तापकीर गल्लीत गेले. पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, विजेच्या माळांपासून मोबाइलच्या काचेपर्यंत सगळे इथे मिळते, आणि दिवाळीच्या आधी तर पाय ठेवायला जागा नसते. दुकानदाराने तक्ता पुढे केला.

“ताई, हा घ्या. दिवसाला दीड जीबी, चौऱ्याऐंशी दिवस.”

“आमच्या आईंना नेट नको. बटणांचा फोन आहे.”

“मग नेट फुकट आहे असं समजा.”

“फुकट आहे तर तेवढं वजा करून द्या की!”

तो हसला, मीही हसले, पण त्या दिवशी नेटशिवायचे लांब मुदतीचे रिचार्ज त्याच्या तक्त्यावर खरोखरच नव्हते. ते आले नंतर. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम केला की प्रत्येक कंपनीने निदान एक रिचार्ज फक्त बोलण्याचे आणि मेसेजचे, नेट न लादता, ठेवलेच पाहिजे. आणि अशा खास रिचार्जची मुदत पूर्वी नव्वद दिवसांपर्यंतच ठेवता येई, ती ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येईल. आपल्यासारख्यांची, म्हाताऱ्या माणसांची, खेड्यातल्यांची ही अडचण सरकारदरबारी कुणाला तरी दिसली म्हणायची.

जानेवारी २०२५ मध्ये ही रिचार्जे बाजारात आली. पहिल्या आठवड्यातच त्यांच्या किमती खालीवर झाल्या. त्या महिन्याच्या अखेरीस जे आकडे ठरले ते मी वहीत उतरवून घेतले होते. एअरटेलचे ८४ दिवसांचे ४६९ रुपये आणि ३६५ दिवसांचे १८४९ रुपये. जिओचे ८४ दिवसांचे ४४८ आणि ३३६ दिवसांचे १७४८. बोलणे सगळ्यांत अमर्याद, थोडे मेसेज, नेट नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हा आकडे बदललेले असू शकतील, म्हणून आकडे पाठ करू नका. हिशेबाची रीत लक्षात ठेवा. रीत अगदी सोपी आहे. किमतीला दिवसांनी भागायचे, बस्स. बाकी तक्त्यावर काय काय लिहिले आहे ते वाचायचेसुद्धा नाही.

१९९ ला अठ्ठावीसने भागले की दिवसाला ७ रुपये ११ पैसे. ४६९ ला चौऱ्याऐंशीने भागले की साडेपाच रुपयांच्या थोडे वर. १८४९ ला ३६५ ने भागले की ५ रुपये ७ पैसे. १७४८ चे रिचार्ज दिसायला स्वस्त, पण ते ३३६ दिवसांचे. दिवसाला ५ रुपये २० पैसे पडतात. म्हणजे लहान आकडा महाग आणि मोठा आकडा स्वस्त! आणि त्या अठ्ठावीस दिवसांची गंमत तर तुम्ही ओळखलीच असेल. आपण म्हणतो ‘महिन्याचे रिचार्ज’, पण वर्षात महिने बारा आणि रिचार्जे तेरा. तेरावा महिना कंपनीचा. तेरा वेळा १९९ म्हणजे २५८७ रुपये. वर्षाच्या रिचार्जपेक्षा ७३८ रुपये जास्त, आणि ज्या नेटसाठी ते जातात ते आईंच्या फोनला कळतसुद्धा नाही. (लोकांची ओरड झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने तीस दिवसांचे आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारे रिचार्ज ठेवणे सक्तीचे केले. पण ते मागून घ्यावे लागते. आपणहून कुणी दाखवत नाही.)

आता एक गमतीचा हिशेब. आमच्या आई आठवड्याला वीस मिनिटे बोलतात. दिवसाला पाच रुपये सात पैसे म्हणजे आठवड्याला साधारण साडेपस्तीस रुपये. म्हणजे मिनिटाला पावणेदोन रुपयांच्याही वर! पूर्वी किराणा दुकानाच्या बाहेर नाणे टाकायचा डबा असायचा, तिथे एक रुपयात गावातल्या गावात बोलणे व्हायचे. अर्थात तुलना करायची तर ३१ जुलै १९९५ चीही करावी, जेव्हा ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांच्याशी देशातले पहिले मोबाइलवरचे बोलणे केले. त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता, आणि आलेल्या फोनलाही पैसे पडत. येणारा फोन फुकट झाला तो २००३ साली. तेव्हापासून आपण सगळ्या मिस्ड कॉल देण्यात पटाईत झालो! थोडे बोलणाऱ्याचा तो सुवर्णकाळ म्हणायचा. काही खर्च न करता नंबर हातात राहायचा. आता तसे नाही, एवढे मान्य करून पुढे जाऊ.

वर्षाचे रिचार्ज घ्यायचे ठरले तेव्हा आईच अडून बसल्या. “माझं वर्षभराचं कुणी बघितलंय? अठरा-साडेअठराशे रुपये एकदम घालू नका माझ्यावर.” यावर काय बोलणार! मी म्हटले, “आई, तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी. दर अठ्ठावीस दिवसांनी आठवण ठेवणं मला जमत नाही.” ते त्यांना पटले. आणि खरेही तेच आहे. ७३८ रुपये वाचतात ही दुय्यम गोष्ट. वर्षातून तेरा वेळा चुकण्याची संधी होती ती एकदाच उरते. तरी कुणाला एकदम एवढी रक्कम जड जात असेल तर चौऱ्याऐंशी दिवसांचे घ्यावे, त्यात लाज कसली? फक्त अठ्ठावीसच्या फेऱ्यातून बाहेर पडावे.

कुठली कंपनी?

हे मी सांगणार नाही, कारण ते तुमच्या भिंती ठरवतात. आमच्या वाड्याच्या भिंती दीड हात जाडीच्या. पुढच्या खोलीत एका कंपनीची रेंज भरपूर, स्वयंपाकघरात तीच गुप्त. आई दिवसाचा बराच वेळ मागच्या खोलीत खिडकीशी बसतात. तिथे कुणाकुणाचे फोन चालतात हे मी आल्यागेल्या पाहुण्यांकडून, दूधवाल्याकडून, भाचरांकडून तपासून घेतले. फोन हातात घेऊन मी त्या खिडकीशी लोकांना उभे करत होते, हे बघून ह्यांना वाटले मला काही झाले आहे! पण स्वस्त रिचार्ज घेऊन जर बोलायला गॅलरीत यावे लागले, तर म्हातारे माणूस फोन उचलायचेच सोडून देते.

दुसरे, हातातला फोन बघा. जिओचे जाळे फोर-जीच्या पुढचे. जुना टू-जीचा बटणांचा फोन त्यावर चालत नाही. त्यांनी जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा ‘जिओ भारत’ नावाचा बटणांचाच फोन काढला, आणि त्याच्यासाठी १२३ रुपयांचे अठ्ठावीस दिवसांचे वेगळे रिचार्ज ठेवले. म्हणजे दिवसाला ४ रुपये ३९ पैसे, वर थोडे नेट. हिशेबाने ते मला मिळालेले सगळ्यात स्वस्त. पण त्या फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे कार्ड चालत नाही, आणि अठ्ठावीस दिवसांचा फेरा आहेच. फोन नवा घ्यायचाच असेल आणि घरात कुणी तारखा सांभाळणारे असेल, तर विचार करावा. आईंना त्यांची जुनी बटणे अंधारातही सापडतात. मी त्या वाटेला गेले नाही. बीएसएनएलची रिचार्जे पूर्वीपासून थोडे बोलणाऱ्यांच्या सोयीची मानली जातात. पण तिथे मुदतीवर नजर ठेवा. किंमत तीच ठेवून दिवस कमी करण्याची चाल तिकडेही आली आहे. त्यांचे फोर-जी देशभर रीतसर सुरू झाले ते सप्टेंबर २०२५ मध्ये. तुमच्या खोलीत ते पोचले आहे की नाही, हे पुन्हा खिडकीशी उभे राहूनच कळेल.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते, हे आता बहुतेकींना माहीत आहे. २०११ पासून ती सोय आहे. ‘पोर्ट’ लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० ला मेसेज करायचा. जो कोड येतो तो आपल्याकडे चार दिवस चालतो. तो आणि आधार घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचे. ‘पोर्ट’ मात्र इंग्रजी अक्षरांत लिहा. आधीच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असले पाहिजेत. आणि एक काळजी घ्या: जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस आणि बॅलन्स बुडतात. म्हणून वर्षाचे रिचार्ज मारल्यावर महिन्याभरात रुसून दुसरीकडे जाऊ नका. मुदत संपत आली की मग जा.

आणखी एक, वैष्णोदेवीला जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडची प्रीपेड कार्डे जम्मू-काश्मीरमध्ये आतापर्यंत चालत आलेली नाहीत. रिचार्ज भरलेले असूनही फोन मुका होतो आणि घरची माणसे काळजीत पडतात. ग्रुपमध्ये एकाचे तरी पोस्टपेड असू द्या.

नंबर कुणाच्या नावावर?

हे शेवटी लिहिते आहे, पण मला विचाराल तर रिचार्जच्या आधी हे बघा. आपल्यातल्या किती जणींच्या हातातले कार्ड स्वतःच्या नावावर आहे? नवऱ्याने घेतलेले, भावाने ओवाळणीत दिलेले, मुलाच्या आधारवर काढलेले. सगळे सुरळीत चालले आहे तोवर काही बिघडत नाही. पण कार्ड हरवले, फोन चोरीला गेला, नंबर बंद पडत आला, तर तो परत मागण्याचा हक्क ज्याच्या नावावर आहे त्याचा. नाव लावलेला माणूस हयात नसेल तर मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा आणि स्वतःचे आधार घेऊन कंपनीच्या दुकानात जाऊन नाव बदलून घ्यावे लागते. नंबर चालू आहे तोवर हे होते; बंद पडल्यावर नाही. सासरे गेल्यावर पाच वर्षे आम्ही वीजबिलावरचे नाव बदलले, बँकेतले बदलले, या चिमूटभर कार्डाचे कुणाला सुचले नाही.

आपल्या नावावर कुठकुठले नंबर आहेत हे केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या सोयीवर मे २०२३ पासून बघता येते. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकला की यादी समोर येते. एका माणसाला महाराष्ट्रात नऊ नंबर घेता येतात. आमच्या शेजारणीच्या यादीत दोन नंबर असे निघाले की जे तिने जन्मात पाहिले नव्हते. ते तिथेच ‘माझे नाहीत’ म्हणून कळवता येतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली तेव्हा या सगळ्याचा प्रत्यय दारोदार आला. ओटीपी यायचा तो आधारला जोडलेल्या मोबाइलवर. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंचा जोडलेला नंबर दीड वर्षापूर्वीच रिचार्जवाचून बंद पडलेला. “तेव्हा दोनशे रुपये वाचवले वहिनी,” त्या म्हणाल्या, “आता पंधराशे अडकले.” दोन दिवस कामाचा खाडा करून त्या रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा नवा नंबर जोडून झाला. शिवाय १ एप्रिल २०२५ पासून बंद पडलेले आणि दुसऱ्याला दिलेले नंबर बँका आणि यूपीआयच्या याद्यांतून नियमाने काढून टाकले जातात. फसवणूक टळावी म्हणून ते चांगलेच आहे. पण ज्या बाईचा नंबर नुसत्या विसरभोळेपणाने गेला, तिचे पैसे देणे-घेणे त्याबरोबर थांबते.

कंपनीशी काही वाद झालाच, रिचार्ज मारून मुदत मिळाली नाही वगैरे, तर दुकानदाराशी भांडत बसू नका. १९८ हा तक्रारीचा फुकट नंबर आहे. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा. समाधान झाले नाही तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. क्रमांक नसेल तर कुणी दाद देत नाही. आणि ११२ या मदतीच्या नंबराला रिचार्ज लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना सांगून ठेवा.

आता आमच्या घरातली व्यवस्था सांगते. आईंचे नवे कार्ड आईंच्याच नावावर आहे. दुकानात अंगठा त्यांनीच दिला, फोटोही त्यांचाच निघाला. फोटोसाठी त्यांनी पदर सारखा केला होता. फेब्रुवारी २०२५ पासून वर्षाचे, फक्त बोलण्याचे रिचार्ज आहे. बॅलन्समध्ये शंभर रुपये पडून आहेत. कॅलेंडरच्या शेवटच्या पानावर, दुधाच्या हिशेबाच्या खाली, मी मुदत संपायची तारीख लिहिली आहे आणि तिच्या पंधरा दिवस आधीच्या तारखेला लाल गोल केला आहे. तिथेच त्या नंबराला काय काय जोडले आहे त्याची यादी: बँक, गॅस, आधार, वीजबिल, विमा. मागच्या खेपेला लाल गोल आला तेव्हा मी विसरलेच होते. आईंनीच स्वयंपाकघरात येऊन आठवण केली. पैसेही त्यांनी पेन्शनमधून काढून ठेवले होते, मला ओट्यावर मोजून दिले.

सातारच्या मावशींना नवा नंबर पाठ होईना. जुनाच तोंडात बसलेला. तेव्हा आईंनी त्यांना आंतरदेशीय पत्र पाठवले. सिटी पोस्टात जाऊन स्वतः आणले, मोठ्या अक्षरांत दहा आकडे लिहिले आणि खाली लिहिले, “हा माझ्या नावावर आहे. गुरुवारी लाव.”